नव्वद नंबरचा साचा

परत आल्यापासून भेटणारा प्रत्येक जण मला एकच विचारतो, "कसा आहे आपल्या पूर्वजांचा देश?" विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं. त्याला देवळं हवी असतात, समुद्र हवा असतो, आणि मुंबईच्या लोकांनी मला पाहताच गळामिठी मारली हेही ऐकायचं असतं. सुरुवातीला मी "छान आहे" म्हणून सुटका करून घ्यायचो. गेल्या महिन्यात आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी मला व्यासपीठावर बोलावलं आणि "पुण्यभूमीचं दर्शन" या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं, तेव्हा मी उठून सरळ घरी आलो. मी पाहिलं ते दहा मिनिटांत मावणारं नाही. शिवाय मला अजून राग येतो, आणि रागावलेल्या वक्त्याला कोणी हार घालत नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी मॉरिशसचा, ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातला. माझे पणजोबा बाळाजी रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात मजुरीला आले. बोटीवरच्या कारकुनाने त्यांचं एवढंच नाव लिहून घेतलं आणि तेव्हापासून आम्ही सगळे बाळाजी. मी विष्णू बाळाजी. घरात आम्ही क्रिओल बोलतो, पण आजीने संध्याकाळच्या बैठकीत, म्हणजे वस्तीतल्या शाळेत, पाठवून मला मराठी वाचायला-लिहायला शिकवून घेतलं. आमच्याकडे तेव्हा कापडाचे कारखाने निघू लागले होते आणि कापड जाणणारी माणसं हवी होती. मला मुंबईत वस्त्रविद्या शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. वडील आयुष्यभर ऊस तोडत आले. पत्र आलं त्या दिवशी त्यांनी कोयता धुऊन, तेल लावून भिंतीला टांगला, जणू आता त्याचं काम संपलंच. मी निघालो तेव्हा माझ्या डोक्यावर हे ओझं होतं.

गिरगाव

संस्थेच्या वसतिगृहात परदेशी मुलांसाठी दोनच खोल्या होत्या आणि त्या भरल्या होत्या. गिरगावात विद्यार्थ्यांसाठी एका ट्रस्टने चालवलेलं वसतिगृह आहे, तिथे जा, असं मला सांगण्यात आलं. मी ट्रंक घेऊन गेलो. चष्मा नाकावर ओढून बसलेले एक गृहस्थ वही उघडून म्हणाले, "आडनाव?"

"बाळाजी."

"ते नाव झालं. आडनाव सांगा."

"तेच आडनाव."

"गाव कुठलं?"

"ब्लॅक रिव्हर."

"ते नव्हे हो. मूळ गाव. तुमचा समाज कोणता?"

मी म्हणालो, मराठी. त्यांनी वही मिटली. आमच्याकडे "मराठी" म्हटलं की माणूस पूर्ण सांगून होतो. तिथे ती फक्त सुरुवात असते आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर खोली मिळत नाही. "जागा नाही" असं ते म्हणाले. त्यांच्या मागे चार रिकाम्या खाटा मला दाराच्या फटीतून दिसत होत्या.

त्याच सकाळी परदेशी म्हणून पोलिसांकडे नोंदणी करायला गेलो होतो, तर तिथला हवालदार हसून म्हणाला होता, "तुम्ही आमचेच की, मग परदेशी कसे?" आणि तेवढ्याच प्रेमाने परदेशी असा शिक्का मारला होता. एकाला मी आपला वाटलो आणि त्याने मला परका ठरवलं, दुसऱ्याला तर आपलाही वाटलो नाही. ट्रंकेवर बसून मला जो संताप आला तो कोणावर काढावा हेही कळेना, म्हणून समोरच्या खाणावळीत शिरलो. फळ्यावर पुरणाची पोळी लिहिली होती. आतमध्ये डाळ असते असं ऐकून मला आमची दालपुरी आठवली, म्हणून मी तिच्याबरोबर तिखट चटणी आणि लोणचं मागवलं. वेटरने दोनदा विचारून खात्री करून घेतली. पहिल्याच घासाला ती गोड निघाली. आजूबाजूचे हात थांबवून बघत होते. मी हट्टाने चटणी लावून अख्खी पोळी संपवली.

डिलाईल रोड

मला वाचवलं ते संस्थेच्या शिपायाने. त्याचं नाव बागवे. त्याने माझं आडनाव विचारलं नाही, फक्त "मासे खातोस ना?" एवढंच विचारलं आणि मला डिलाईल रोडच्या एका चाळीत आपल्या काकीकडे नेलं.

काकीची खाणावळ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. कोकणातून एकटे आलेले गिरणी कामगार तिच्याकडे जेवायचे आणि तिथेच झोपायचे. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्या जागी आडवी व्हायची, त्यामुळे पूर्वी तिथे पाय ठेवायला जागा नसे. मला मात्र खिडकीजवळची ऐसपैस जागा मिळाली. कारण संपाला सहा महिने होत आले होते. गिरण्या बंद, बहुतेक माणसं गावी गेलेली. काकीच्या पंगतीला सात जण उरले होते.

त्या सातांत दत्ताराम होता. कणकवलीकडचा, पंचेचाळिशीचा, बोलायला कमी. गिरणीत मागाला साचा म्हणतात आणि दत्ताराम साचेवाला होता. उजव्या भुवईच्या वर त्याला एक आडवा वण होता. संपाआधी तो दोन साचे चालवायचा. आता सकाळी सभेला जाऊन यायचा आणि दुपारी काकीला भाजी निवडून द्यायचा. निवडताना त्याची बोटं इतकी भराभर चालायची की मेथीची जुडी पाच मिनिटांत संपायची, आणि मग तो रिकाम्या हातांकडे बघत बसायचा.

जेवायला भात, कुळथाची पिठी, कधी सुका जवळा. शीव कोळीवाड्यातून एक कोळीण पाटी घेऊन यायची. आमच्याकडे मासेवाला मोटारसायकलवर भोंगा वाजवत येतो. ही जिन्याखालूनच काकीला हाक मारायची, आणि संपाच्या त्या दिवसांत पाटीतले उरलेले बोंबील न विचारता उंबऱ्यावर ठेवून निघून जायची. तिच्या गिऱ्हाइकांची चूल थंड पडली होती, तेव्हा तिचाही धंदा बसलाच होता. पण तिने तसं बोलून दाखवलं नाही.

काकीकडे प्रत्येकाचं स्वतःचं ताट होतं, त्यावर नाव घातलेलं. भांड्यांवर नावं घालणारा माणूस आठवड्याने आला तेव्हा तिने माझ्यासाठी घेतलेलं ताट त्याच्या पुढ्यात टाकलं. "काय घालू?" तो म्हणाला. काकी अडली. विष्णू नावाचे दोन जण आधीच होते, आणि बाळाजी तर तिच्या सासऱ्यांचं नाव, ते ती तोंडाने घेईना. कोपऱ्यातून दत्ताराम म्हणाला, "मॉरिशसकर घाल." सगळे हसले आणि तेच कोरलं गेलं. ज्या शहराने आडनाव नाही म्हणून मला उभं केलं नव्हतं, त्याच शहरात सहा महिने पगार न मिळालेल्या माणसाने मला ते फुकट दिलं. त्या रात्री मी घरी आठ पानांचं पत्र लिहिलं.

परळ, मागचं दार

तिसऱ्या आठवड्यात संस्थेने आम्हां परदेशी विद्यार्थ्यांना बोलावून सांगितलं की अभ्यास प्रात्यक्षिकाने सुरू होईल. महिनाभर गिरणीत काम शिकायचं. त्याचा दाखला मिळाला तरच शिष्यवृत्तीचा पुढचा अहवाल चांगला जाणार. मी विचारलं, "पण संप आहे ना?" संस्थेचे साहेब म्हणाले, "विद्यार्थ्यांचा त्याच्याशी संबंध नाही. दोन्ही बाजूंना ते मान्य आहे."

मी विश्वास ठेवला. आमच्याकडे साखर कारखान्यात शाळेची मुलं जातात, कोणी काही म्हणत नाही. काकीकडे मी "कॉलेजचं प्रात्यक्षिक आहे" एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं, असं मी स्वतःला बजावत होतो. ज्याला असं बजावावं लागतं त्याला आतून सगळं ठाऊक असतं, हे आता कळतं.

पहाटे आम्हांला दादरला संस्थेच्या वसतिगृहापासून पडदे लावलेल्या गाडीतून नेलं. पुढच्या दारावर कामगारांची गर्दी असायची, म्हणून गाडी रेल्वेच्या बाजूच्या मागच्या दाराने आत जायची. पडदे कशाला, हे मी विचारायला हवं होतं. आतमध्ये साच्यांच्या रांगाच रांगा, त्यांतले थोडेच चालू. मला नव्वद आणि एक्याण्णव नंबरचे साचे दिले. नव्वदच्या वरच्या पट्टीवर हळदीकुंकवाची बोटं होती आणि गेल्या दसऱ्याचं झेंडूचं फूल वाळून दोऱ्याला लटकलं होतं. माझे वडील दसऱ्याला कोयत्याला कुंकू लावतात. ते फूल बघून मला इतका आनंद झाला की मी साच्याला नमस्कार केला. कोणाच्या हातचं कुंकू आहे, हा विचार मनात आला नाही.

मला काम आवडलं, हेही कबूल करतो. तुटलेली तार, म्हणजे सुताचा धागा, जोडायला मी पहिल्याच दिवशी शिकलो. जॉबर, म्हणजे आमच्यावर नेमलेला मुकादम, म्हणाला, "तुझा हात बसलाय." तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडीत बसताना मी पाहिलं की आम्ही विणलेलं कापड गठ्ठे बांधून, शिक्के मारून ट्रकमध्ये चढवलं जात होतं. शिकाऊ मुलांच्या हातचं कापड कोणी विकायला नेत नाही. पण भूक लागली होती आणि मी गाडीत बसलो.

त्याच संध्याकाळी पानावर बसलो. आधीचे दोन दिवस मी गिरणीतच अंघोळ करून निघालो होतो, त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. काकी वाढत वाढत माझ्यापर्यंत आली आणि तिचा हात आपोआप माझ्या केसांकडे गेला. तीस वर्षं तिच्याकडे येणाऱ्या माणसांच्या केसांत, भुवयांत, कानांत कापूस असायचा आणि ती वाढण्याआधी तो झटकायची. सहा महिन्यांत कोणाच्या केसांत कापूस दिसला नव्हता. माझ्या कपाळापाशी येऊन तिचा हात थांबला.

"खय होतस रे तू?" ती म्हणाली.

सातांतल्या एकाने मधूनच ताट सारलं आणि उठून गॅलरीत गेला. काकीने माझ्यापुढचं नावाचं ताट उचललं आणि पाहुण्यांचं साधं ताट ठेवून त्यात भात वाढला. कमी वाढला नाही. आमटीही ऊन होती.

दत्तारामने विचारलं, "कुठच्या खात्यात?"

"साचेखात्यात."

"नंबर?"

"नव्वद. आणि एक्याण्णव."

त्याने भात कालवला. मग म्हणाला, "माझे ते."

मला वाटलं, आता मार पडणार. मला तो हवाच होता. त्याने मान वर न करता बोलायला सुरुवात केली. "नव्वद डाव्या बाजूने धोटा उडवतो. पट्टा सैल हाय त्याचा, किती वेळा सांगितलं, बदलला नाय. डाव्या टोकाला उभा राहू नकोस. तार जोडायला वाकशील तेव्हा आधी साचा बंद कर. जॉबर ओरडेल, ओरडू दे." आणि त्याने भुवईवरच्या वणावर बोट ठेवलं. धोटा म्हणजे सूत घेऊन साच्यात इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. तो बाहेर उडाला तर समोर काय आहे ते बघत नाही.

मला त्याचा भयंकर राग आला. शिवी दिली असती तर मी रडून मोकळा झालो असतो. ज्याच्या भाकरीवर मी उभा होतो तो मला डोळा सांभाळायला सांगत होता.

दादर

दुसऱ्या दिवशी गाडीत न बसता मी साहेबांच्या खोलीत गेलो. साहेब शांतपणे म्हणाले, "तुम्ही पाहुणे आहात. यजमानांच्या घरातल्या भांडणात पाहुण्याने पडू नये."

मी म्हणालो, "पण घरच्या माणसाला बाहेर काढून त्याच्या जागी पाहुण्याला उभं कोणी केलं? माझं कापड विकायला गेलं, ते शिक्षण होतं का?"

"दाखला मिळणार नाही. अहवालही तसाच जाईल. तुमच्या वडिलांना काय सांगाल?"

हा शेवटचा प्रश्न त्यांनी नेम धरून मारला होता. भिंतीवर टांगलेला कोयता मला दिसला. तरीही मी म्हणालो, मी गिरणीत जाणार नाही, आणि दार इतक्या जोराने आपटलं की बाहेर बसलेला बागवे स्टुलावरून उठला. उरलेला दिवस मी दादरला समुद्रावर फिरत काढला. मनातल्या मनात साहेबांना आणखी दहा उत्तरं दिली, एकापेक्षा एक झणझणीत. स्वतःवर मी बेहद्द खूश होतो.

संध्याकाळी पानावर मी ते सगळं सांगितलं, दार आपटल्याच्या आवाजासकट. गॅलरीत उठून गेलेल्यानेही मान डोलावली. काकी फळीवरून माझं नावाचं ताट काढायला वळली. मी त्याचीच वाट बघत होतो.

दत्ताराम म्हणाला, "मग नव्वदवर आज कोण होता?"

"जोसेफ असेल. केनियाचा आहे, माझ्याच वर्गात. त्याला अजून साचे दिले नव्हते."

"त्याला धोट्याचं सांगितलंस?"

मी सांगितलं नव्हतं. मला आठवणही झाली नव्हती. सकाळी गाडी वसतिगृहाच्या दारातून निघताना जोसेफने मला हात केला होता आणि मी तिरस्काराने तोंड फिरवलं होतं, कारण तो जात होता आणि मी जाणार नव्हतो. दत्तारामने संपात असून, भूक सोसून, फितूर झालेल्या माणसाला सांगितलं होतं. मी तत्त्वासाठी शिष्यवृत्ती लाथाडून आलो होतो आणि एका माणसाचा डोळा विसरून आलो होतो.

दत्ताराम अर्ध्या जेवणावरून उठला, हात धुतला, सदरा घातला. "चल," म्हणाला.

डिलाईल रोडवरून दादरच्या वसतिगृहापर्यंत आम्ही चालत गेलो. मी मनात फक्त एवढंच म्हणत होतो की जोसेफ धडधाकट असू दे. माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब वाट तीच.

जोसेफ खाटेवर बसून बादलीत पायमोजे धूत होता. दोन्ही डोळ्यांनी त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं. धोटा दुपारी एकदा त्याच्या दंडाला चाटून गेला होता, तिथे काळंनिळं झालं होतं. जॉबरने त्याला सांगितलं होतं की असं होतंच.

दत्तारामने ते निळं बघितलं आणि पहिल्यांदाच मी त्याला चिडलेलं पाहिलं. "होतंच म्हणे," तो म्हणाला. मग त्याने टेबल खोलीच्या मधोमध ओढलं. ते साचा झालं. कुठे उभं राहायचं, कुठे नाही, वाकायचं कधी, आवाज बदलला की हात कुठे न्यायचा, हे तो हिंदीत सांगत होता, मी इंग्रजीत सांगत होतो, आणि बरंचसं त्याच्या हातांवरूनच जोसेफला कळत होतं. त्याने जोसेफला जाऊ नकोस म्हणून एकदाही सांगितलं नाही. त्याच्याकडून तीनदा करून घेतलं. टेबलाच्या कडेवर त्याची बोटं अशी फिरत होती की मेथी निवडणारा तो हाच माणूस, हे मला पटेना.

शेवटी जोसेफने मला विचारलं, "हे गिरणीचे साहेब आहेत का?"

"नाही," मी म्हणालो. "तो साचा यांचा आहे."

"मग हे स्वतः का नाही चालवत?"

दत्तारामने विचारलं, "काय म्हणतो?" मला खोटं सांगता आलं असतं. पण मी तसंच्या तसं सांगितलं. तो टेबल जागेवर सरकवत म्हणाला, "त्याला सांग, मी येणार हाय. तोपर्यंत डोळे सांभाळ म्हणावं."

परतलो तेव्हा काकीने दोघांचं अन्न झाकून ठेवलं होतं. माझं नावाच्या ताटात होतं. मी ते परत फळीवर ठेवायला गेलो तर ती म्हणाली, "गप जेव." मी गप जेवलो.

साहेबांनी शब्द पाळला आणि माझा अहवाल वाईट गेला. अर्ज-विनंत्या करून मला विषय बदलून मिळाला, म्हणून आज मी कापड जाणत नाही, शाळेत मराठी शिकवतो. वडिलांनी कोयता पुन्हा दोन हंगाम हातात घेतला. त्याबद्दल ते मला कधी बोलले नाहीत आणि मीही त्यांच्यापाशी तो विषय काढला नाही. ते स्टीलचं ताट माझ्याकडे आहे. पुण्यभूमीचं दर्शन ज्यांना हवं त्यांनी येऊन बघावं.

जोसेफचे दोन्ही डोळे शाबूत आहेत. तो दर नाताळला कार्ड पाठवतो आणि दत्तारामची चौकशी करतो. संप कधी संपला असं कोणी जाहीरच केलं नाही. माणसं एकेक करून मागच्या दाराने, पुढच्या दाराने, जमेल तशी आत गेली. मी मुंबईत होतो तोवर दत्ताराम दर महिन्याला धुतलेला सदरा घालून गिरणीच्या पुढच्या दारावर जायचा आणि आपले दोन नंबर सांगायचा. त्याला कोणी आत घेतलं नाही.